२०१९ च्या जपानी तारखा कशा वाचाव्यात

जपानी कागदावर इसवी सनाऐवजी बऱ्याचदा सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. २०१९ मध्ये अशी दोन वर्षं आहेत. ३० एप्रिलला सम्राट आकिहितो पायउतार झाले, तोवर त्यांच्या 'हेइसेइ' नावाच्या कारकिर्दीचं वर्ष, हेइसेइ ३१. १ मेला नारुहितो गादीवर आले, तिथून रेइवा १.

हिशोब सोपा: हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवा, रेइवाच्या आकड्यात २०१८. पहिलं वर्ष मात्र अनेकदा '१' न लिहिता 'गान्नेन' असं लिहितात. आकडाच दिसत नाही म्हणून गोंधळू नका.

खरी फसगत जुन्या कागदांवर होते. रेइवा हे नाव १ एप्रिल २०१९ ला जाहीर झालं, त्यामुळे आधी छापलेल्या वाहन परवान्यांवर 'हेइसेइ ३४ पर्यंत वैध' असं असे. असं वर्ष उगवलंच नाही, तरी परवाना तोवर चालत असे. बेरीज तीच, म्हणजे २०२२.

घटनांचा क्रम लावताना राज्यारोहण आणि त्याचा सोहळा एक समजू नका: सोहळा २२ ऑक्टोबरला झाला. मिरवणूकही त्याच दिवशी ठरली होती, पण हागिबिस वादळाच्या नुकसानीमुळे १० नोव्हेंबरला गेली. आणि त्या वर्षी सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी शोधू नका. आकिहितोंची २३ डिसेंबरची गेली, नारुहितोंची २३ फेब्रुवारीची २०२० पासून आली.