'आज लोकलमध्ये मेले' हा जोक डेन्मार्कला पाठवू नका

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. डेन्मार्कच्या टीमचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेबारा, मीटिंग तेव्हाची, आणि मी कांदिवलीवरून निघालेली बाई अजून पार्ल्याला अडकलेली. ऑफिसला पोचल्या पोचल्या टीमच्या ग्रुपवर इंग्रजीत टाकलं की सॉरी, आज लोकलमध्ये मेले, आता माझं भूत टाईप करतंय. आपल्याकडच्या तिघांनी हसून घेतलं. डेन्मार्कची जी आहे ती गप्प. वीस मिनिटांनी मॅनेजरचा फोन, तू बरी आहेस ना, घरून काम करायचंय का.

झालं असं की तिने मुंबईच्या लोकलबद्दल नेटवर शोधलं. आणि तिथे जे दिसतं ते हसायचं नाहीच, उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात, आपण ते पेपरात वाचून पान उलटतो. त्यात गंमत काय होती हे मला तिला सांगता येईना, आणि खरं सांगू, सांगायला बसले तेव्हा मलाही सापडेना.

तेव्हापासून बाहेरच्या लोकांशी चॅट करताना मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बघा.

पहिलं म्हणजे टोमणा इंग्रजीत नेऊ नका. आपण टोमण्यांवरच वाढलोय, उशिरा आलं की 'वा, लवकर आलात' हे घरोघरी चालतं, पण ते चालतं कारण समोरच्याला आवाज ऐकू येतो. मी एकाला 'शहाणाच आहेस' च्या अर्थाने 'तू फार हुशार आहेस' लिहिलं तर त्याने थँक्यू म्हणून बदाम पाठवला, आता काय बोलणार! आणि हा फक्त परक्यांचा प्रॉब्लेम नाहीये. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, कॉलेजच्या मुलांना ईमेलमधून काही वाक्यं टोमणा म्हणून तर काही सरळ पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटलं ७८ टक्के वेळा समोरच्याला कळेल. कळलं ५६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आलं असतं, आणि हे सगळे एकाच देशातले, एकाच भाषेत लिहिणारे!

म्हणून माझी एक ट्रिक, पाठवायच्या आधी तेच वाक्य बँकेच्या नोटिशीच्या आवाजात मनात वाचायचं. तरी हसू आलं तर पाठवा, शिवीसारखं वाटलं तर खोडा.

मग स्मायली टाकू की, असं म्हणाल. स्मायलीचा जन्मच फसलेल्या जोकमुळे झालाय. १९८२ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत कुणीतरी कॉम्प्युटरच्या नोटीस बोर्डावर गंमत म्हणून टाकलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, सावधान. काहींना ते खरंच वाटलं. (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालं असतं तर सेक्रेटरीने लिफ्ट आठवडाभर बंद ठेवली असती.) त्यावर चर्चा होऊन १९ सप्टेंबरला तिथल्या स्कॉट फालमन यांनी सुचवलं की जोक असेल तिथे आडवा हसरा चेहरा काढा. पण आता त्याच्यावरही भरवसा नाही, तो साधा मंद हसणारा इमोजी चीनमधल्या तरुण मुलांना बऱ्याचदा खोचक वाटतो, म्हणजे 'बरं बाई, तू म्हणशील तसं' टाईप. अंगठ्याचं तर विचारूच नका, इराणमध्ये तो जुन्या लोकांना शिवी वाटू शकतो आणि कॅनडात २०२३ साली कोर्टाने शेतकऱ्याने पाठवलेला अंगठा करारावरची सही धरून त्याला ८२ हजार डॉलरच्या वर भरायला लावले. मस्करीत पण अंगठा देताना विचार करा.

उलट ते हसले की नाही हे पण ओळखता यायला हवं. थाई माणूस ५५५ लिहितो कारण त्यांच्यात पाचाला 'हा' म्हणतात. रशियन लोक नुसते बंद कंस लावत सुटतात. ब्राझीलवाले इंग्रजी के ची माळ लावतात, आणि आपल्याकडे एकटा के म्हणजे 'बरं, कळलं, आता जा', त्यामुळे मी पहिल्यांदा पाच के बघून पाचपट घाबरले होते. एप्रिल फूल स्पेनच्या माणसाला करायला जाऊ नका, त्यांचा फसवायचा दिवस २८ डिसेंबर.

आता एक शब्द कायमचा काढून टाका, तो म्हणजे हिटलर. आपल्याकडे कडक बॉस हिटलर, सासू हिटलर, पीटीचे सर हिटलर, कुणाला काही वाटत नाही. २००६ मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, ज्यू लोकांनी आवाज उठवल्यावर नाव बदलावं लागलं. जर्मनीत तर नाझी चिन्हं मिरवणं गुन्हा आहे. तिथल्या सहकाऱ्याला बॉसबद्दल हे लिहिलंत तर तो हसणार नाही, तुमच्याशी बोलतानाच जपून बोलायला लागेल. वजन, लग्न, पगार यांच्यावरून पण नको, 'काय गं जाडी झालीस' ही माया फक्त इथेच कळते.

आणि एवढं करूनही अंगाशी आलं तर? मेसेज गुपचूप डिलीट करू नका, त्याने आणखी संशय येतो. जोक समजावत पण बसू नका, माझा अनुभव आहे, तीन परिच्छेद झाले आणि शेवटी मीच रडकुंडीला आले. जिथे बोललात तिथेच एक ओळ, मी गंमत करत होते, चुकीची झाली, सॉरी. 'चिल ना, जोक होता' हे तर अजिबातच नाही, त्याचा अर्थ सगळ्या भाषांत 'चूक तुझी' असाच होतो.

मी डेन्मार्कवालीला तसंच लिहिलं. तिने बरं म्हटलं आणि विषय संपला. मग जानेवारीत तिचाच मेसेज, सॉरी उशीर झाला, सायकल बर्फावरून घसरली, आता माझं भूत टाईप करतंय. आमचे तिघं लगेच हसले. मी आधी विचारलं, लागलं का गं. लागलं होतं, मनगटाला प्लास्टर, एका हाताने टाईप करत होती.