अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलंय? ताक घ्या, कढी नको

अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पोटातले चांगले जिवाणूही कमी झालेले असतात आणि कँडिडा नावाच्या यीस्टला, म्हणजे एका बुरशीला, मोकळं रान मिळतं. ते आपल्या आतड्यात एरवीही असतंच. त्याला मुळासकट उपटायच्या नादी लागू नका.

जेवणात घरी विरजलेल्या दह्याचं ताजं ताक घ्या, साखर न घालता. सोलापूरच्या उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर इतकं आंबतं की साखरेशिवाय घशाखाली उतरत नाही. कढी चवीला झकास, पण उकळल्यावर जिवंत जिवाणू उरत नाहीत. सोबत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवला की त्यात अ‍ॅलिसिन नावाचं द्रव्य तयार होतं. प्रयोगशाळेत ते यीस्टला रोखतं. पोटात तितकं जमेलच असं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कच्चा लसूण डॉक्टरांना विचारूनच.

तोंडात पांढरे चट्टे, शौचातून रक्त किंवा वजन घटणं दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.