गावातून किती माणसं गेली ते कसं काढायचं (खान्देशवाल्यांसाठी)

आमच्याकडे कोणालाही विचारा, पोऱ्या कोठे शे? उत्तर ठरलेलं, सुरतले. उधना, लिंबायत, पांडेसरा, निम्मं गाव तिकडंच म्हणतात सगळे. पण निम्मं म्हणजे नक्की किती ते कोणी मोजत नाही. मोजायचं असेल तर असं करा.

आधी जनगणनेच्या साईटवरून आपल्या जिल्ह्याचं हॅन्डबुक डाऊनलोड करा, 2001 आणि 2011 दोन्ही, त्यात गावनिहाय लोकसंख्या आणि घरं मिळतात. 1991 चं पाहिजे तर नंदुरबारवाल्यांनी धुळ्यात शोधायचं, जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झालाय. 2011 च्या पुढचं मात्र मिळणार नाही, 2021 ची जनगणना झालीच नाही.

आता लोकसंख्या वाढली म्हणजे कोणी गेलंच नाही असं समजू नका. 2001 ते 2011 मध्ये जळगाव 14.86 टक्के वाढलं, धुळे 20.08 आणि नंदुरबार 25.66, आणि कामासाठी दरवर्षी बाहेर पडणारी माणसं नंदुरबारलाच किती आहेत ते सगळ्यांना माहितीये. म्हणून जन्म-मृत्यू धरायचे. समजा 2001 ला गावात 1500 लोक, दहा वर्षांत 310 जन्मले, 120 वारले, म्हणजे 1690 पाहिजेत. 2011 ला 1420 भरले तर 270 गेले, येणारे वजा करून.

इथं एक गोची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी नाहीतर शहरातल्या दवाखान्यात होतं आणि नोंद जिथं जन्म झाला तिथलीच, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर एकट्यावर विसंबू नका, अंगणवाडी ताईंची यादी लावून बघा, ती जास्त खरी असते. लग्न होऊन गेलेल्या पोरी आणि आलेल्या सुना साधारण फिटंफिट धरा, नाहीतर डोकं फिरेल.

दुसरी गोची फेब्रुवारीची. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीत. जो त्या पूर्ण काळात बाहेर होता तो जिथं सापडला तिथं मोजला गेला, मग तुमच्या पाड्यावरचा माणूस आकड्यात दुसऱ्याच जिल्ह्याचा होतो!

त्यामुळे स्वतः दोनदा फिरा, एकदा दिवाळीनंतर महिन्याभराने, कामाला जाणारे निघून गेल्यावर, आणि एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते परतल्यावर (सातपुड्यात असाल तर होळीला, भोंगऱ्याच्या म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराला सगळे परततात). आखाजीला आलेल्या माहेरवाशिणी मात्र मोजायच्या नाहीत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ये-जा करणारे.

राहिली बंद घरं. कुलूप गंजलंय का ते बघू नका, आमच्याकडे धुळीनं नवं कुलूपही तसंच दिसतं. चावी कुठंय ते विचारा. शेजारच्या काकूकडे असेल तर ते ये-जा करणाऱ्यांत घाला, चावी सुरतलाच असेल तर गेलेल्यांत.