बटेराची पिलं: दुपारच्या उंचीवर टांगलेला बल्ब रात्री जीव घेतो

रात्रीचा गारवा वाढू लागला की घरी बटेर पाळणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. काल संध्याकाळी पिलं टुणटुणीत होती, सकाळी कोपऱ्यात ढीग पडलेला. पाठोपाठ प्रश्न, कोणतं औषध देऊ? या दिवसांत बहुतेक वेळा औषधाचं काहीच काम नसतं. पिलं आजारी नसतात, गारठलेली असतात.

अंड्यातून निघालेल्या बटेराच्या पिलाचं वजन ६ ते ८ ग्रॅम. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. अंगातली ऊब स्वतः धरून ठेवायची ताकद त्याला पिसं फुटल्यावर, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते. आई म्हणावी तर तीही नाही. पाळीव जपानी बटेराची मादी अंडी भरपूर देते, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसायची सवय तिच्यात जवळजवळ उरलेली नाही. अंडी उबवायच्या यंत्रात निघालेल्या पिलाला पंखाखाली घेणारं कोणी नसतं. ती जागा तुमच्या बल्बची.

आणि तो बल्ब कुठे चुकतो ते नीट समजून घ्या. दुपारी खोलीत ३० अंश असतं. बल्ब लावला की पिलांच्या पातळीला ३९-४० होतं, पिलं चोची उघडून धापा टाकतात, म्हणून आपण बल्ब वीतभर वर ओढतो. बरोबरच करतो. पण संध्याकाळी तो खाली घ्यायचं राहून जातं. पहाटे तीन-चारला खोली १४-१५ अंशांवर उतरते आणि बल्ब अजून दुपारच्याच उंचीवर असतो. पिलं उबेच्या शोधात एकमेकांखाली घुसतात, खालची गुदमरतात. सकाळी वरची जिवंत मिळतात, तळातली चपटी आणि ओलसर. असा ढीग दिसला तर रोग शोधत बसू नका, रात्र शोधा.

उपाय साधा आहे. बल्बच्या दोरीला दोन गाठी मारा, एक दिवसाची आणि एक रात्रीची. दिवस मावळला की रात्रीच्या गाठीवर आणायचा, ऊन खोलीत आलं की दिवसाच्या. घरात ज्याचं जेवण शेवटी होतं त्याच्याकडे हे काम द्या. बल्बऐवजी थर्मोस्टॅट लावलेला हीटर असेल तर उत्तमच, पण त्याचा सेन्सर पिलांच्या पाठीच्या उंचीवर हवा. भिंतीवर हातभर वर लावलेला सेन्सर खोलीचं तापमान सांगतो, पिलाचं नाही.

शिफारस केलेलं तापमान, पिलाच्या पाठीच्या पातळीला, बल्बच्या कडेला मोजलेलं:

– पहिला आठवडा: ३५ ते ३७ अंश सेल्सिअस
– दुसरा आठवडा: ३२ च्या आसपास
– तिसरा आठवडा: २८-२९
– चौथा आठवडा: २५-२६
– पुढे रात्रीचं तापमान २० च्या खाली जात नसेल तर ऊब बंद

हे आकडे पाळाच, पण आकड्यांपेक्षा पिलांचं ऐका. ऊब बरोबर असली की पिलं बल्बभोवती सैल पसरून झोपतात, मान लांब, पाय ताणलेले, आवाज बारीक आणि तुटक. कमी पडली की आवाज चढतो, टोकदार होतो आणि थांबत नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्यालाही तो ऐकू येतो. जास्त झाली की सगळी कडेला चिकटतात आणि गप्प होतात. थर्मामीटर बरोबर दाखवतोय आणि पिलं ओरडताहेत, असं असेल तर पिलांवर विश्वास ठेवा. कुठून तरी वारा आत येतोय. हात ओला करून ब्रूडरच्या, म्हणजे पिलं ठेवायच्या उबदार कड्याच्या, कडेने जमिनीलगत फिरवा, जिथे गार लागेल तिथे फट आहे.

माझा एक अंदाज, पुस्तकात न सापडणारा. घरगुती खेपेत, म्हणजे एका वेळी उबवलेल्या अंड्यांत, पिलं थोडी निघतात, वीस-पंचवीस. मोठ्या खेपेत पिलं एकमेकांच्या अंगाची ऊब घेतात, थोड्या पिलांना ती मिळत नाही. म्हणून पंचवीसच्या आतल्या खेपेला पहिल्या चार-पाच रात्री मी वरच्या आकड्याच्या वरच्या टोकाला, ३७ ला ठेवायला सांगतो. आणि ज्या दिवशी आभाळ भरून आलं किंवा पाऊस झाला, त्या रात्री गाठ आणखी दोन बोटं खाली. याला प्रयोगशाळेचा पुरावा माझ्याकडे नाही, पण ज्यांनी ऐकलं त्यांच्या ढिगाच्या तक्रारी कमी झाल्या.

बल्बबद्दल आणखी एक गोष्ट, जी हल्ली वारंवार दिसते. जुना बल्ब उडतो आणि घरात असलेला एलईडी तिथे लावला जातो. उजेड तितकाच, किंबहुना जास्त. पण एलईडीतून ऊब जवळजवळ मिळत नाही. पिलं लख्ख उजेडात गारठून मरतात आणि माणसाला वाटतं, दिवा तर चालूच होता. तारेचा, तापणारा जुना बल्ब, नाहीतर ऊब देण्यासाठीच बनवलेला सिरॅमिक हीटर किंवा इन्फ्रारेड बल्ब वापरा. एकाऐवजी नेहमी दोन लावा, दोन वेगळ्या होल्डरमध्ये. एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत तगवतो.

वीज जाणं धरूनच चाला. झाकणाच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, जाड कापडात गुंडाळा, मधोमध आडव्या ठेवा आणि ब्रूडरवर चादर टाका. एक कड मात्र हवेसाठी उघडी. दर दीड-दोन तासांनी पाणी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, तो पिलांना मारतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसालाही.

पाण्याच्या भांड्याचा प्रश्नही शेवटी उबेचाच आहे. बटेराचं पिलू इतकं लहान की अर्ध्या बोटाच्या पाण्यातही बुडतं. बुडालं नाही तरी भिजतं, आणि भिजलेलं पिलू रात्र काढत नाही. भांडं उथळ घ्या, त्यात धुतलेले खडे किंवा गोट्या भरा, पाणी फक्त फटींत दिसलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात पाणी कोमट द्या. भांडं बल्बच्या थेट खाली नको आणि गार कडेलाही नको, मधल्या पट्ट्यात ठेवा. भिजलेलं पिलू दिसलं तर आधी कोरड्या कापडाने टिपा, मग ऊब.

जमिनीवर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात आणि ते पिलू पुन्हा उभं राहत नाही. पहिले चार-पाच दिवस नालीदार पुठ्ठा किंवा खरखरीत कापड, नंतर ४-५ सेंटीमीटर कोरडं तूस किंवा लाकडाचा जाड भुसा. बुरशीचा वास येणारं तूस घरात आणूच नका. त्याचे कण पिलांच्या फुप्फुसात जातात, पिलं मान वर करून, चोच उघडून, आवाज न करता श्वास ओढतात, आणि त्यावर नंतर देण्यासारखं औषध नाही.

नेहमीची कामं:

– ब्रूडर गोल करा, चौकोनी खोक्याचे कोपरे पुठ्ठ्याने बुजवा. ढीग कोपऱ्यातच होतो
– ५० पिलांना सुमारे ९० सेंटीमीटर व्यासाचं, ३० सेंटीमीटर उंचीचं कडं. आठवड्यानंतर वर जाळी, पिलं उडी मारतात
– जाळीचं भोक पिलांसाठी ६ मिलिमीटर, त्याहून मोठ्यात पाय अडकतात
– पिलं यायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर तापवून ठेवा
– स्टार्टर, म्हणजे लहान पिलांच्या पहिल्या खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिनं. कोंबडीचा स्टार्टर वापरत असाल तर चाळून बारीक करा
– अंडी देणाऱ्या पक्ष्यांना २० ते २२ टक्के प्रथिनं, २.५ ते ३ टक्के कॅल्शियम
– मोठ्या पक्ष्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम खाद्य
– मोठ्या पक्ष्यांचा पिंजरा २०-२५ सेंटीमीटर उंच. त्याहून थोडा उंच झाला की घाबरून सरळ वर उडतात आणि डोकं फोडून घेतात
– तिसऱ्या आठवड्यात नर-मादी वेगळे ओळखू येतात: नराची छाती तांबूस, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची
– मांजर, उंदीर, मुंगूस यांचा बंदोबस्त

आता औषधांच्या बाटल्यांबद्दल. पिलं मेली की दुकानदार आधी लिव्हर टॉनिक काढतो, मग रोगप्रतिकार वाढवणारं द्रव, मग अँटिबायोटिक पावडर. गारठलेल्या पिलाला यातलं काहीही वाचवत नाही. उलट कडू पाणी पिलं पीत नाहीत आणि आणखी सुकतात. प्रवासातून आलेल्या पिलांना पहिले काही तास लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम साखर विरघळवून द्या, मग साधं स्वच्छ पाणी. बाजारातल्या महागड्या इलेक्ट्रोलाइटच्या जागी निरोगी पिलाला एवढं पुरतं. चांगलं स्टार्टर खाद्य असेल तर वेगळी जीवनसत्त्वं घालायची गरज नसते, ती त्यात असतात. अँटिबायोटिक पशुवैद्यकाने तपासून लिहून दिल्याशिवाय नको, कारण त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी तुमचीच मुलं खातात. तेच पैसे दोन थर्मामीटर, दोन जास्तीचे बल्ब आणि एका छोट्या इन्व्हर्टरवर घाला. दुकानदार कधी विचारतो का, रात्री तीनला ब्रूडरमध्ये किती अंश होतं? तो विचारणार नाही, तुम्ही मोजा.

मोठ्या पक्ष्यांना थंडीत ऊब लागत नाही, उजेड लागतो. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी सुरू करते. नीट सांभाळली तर वर्षाला २५० ते ३०० अंडी. पण दिवस लहान झाले की अंडी घटतात आणि माणूस खाद्य बदलत बसतो. १४ ते १६ तास उजेड द्या, इथे एलईडी चालतो. दिवा रोज ठरलेल्या वेळी लावा आणि बंद करा. बटेर अंडी दुपारनंतर आणि संध्याकाळी घालतं, कोंबडीसारखी सकाळी नाही. म्हणून अंडी अंधार पडल्यावर गोळा करा, नाहीतर रात्रभर पायाखाली राहून तडकतात. थंडी वाजेल म्हणून खोली चारी बाजूंनी बंद करू नका. विष्ठेच्या अमोनियाने डोळे चुरचुरतात, तुमचे चुरचुरले तर पक्ष्यांचे त्याआधीच चुरचुरलेले असतात. वारा पक्ष्यांच्या अंगावर नको, पण छताजवळून हवा निघून गेली पाहिजे.

उबवण्यासाठी अंडी घेणार असाल तर हिशेब आत्ताच मांडा. अंड्यातून पिलू १७-१८ दिवसांनी निघतं. त्या तारखेच्या पुढच्या दहा रात्री तुमच्या कडाक्याच्या थंडीत येत असतील आणि बॅकअपची सोय नसेल, तर खेप पुढे ढकला. अंडी फुकट जात नाहीत, खाता येतात. एका नरामागे दोन ते तीन माद्या. आठ ते चोवीस आठवड्यांच्या माद्यांची अंडी घ्या, अगदी पहिली, लहान, पातळ कवचाची नकोत. अंडी धुवू नका. निमुळतं टोक खाली ठेवून १३ ते १६ अंशांत जास्तीत जास्त सात दिवस साठवा. थंड जागेतून काढलेलं अंडं थेट यंत्रात नको, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कवचाला दव धरतं आणि त्यातून जंतू आत शिरतात. यंत्रात ३७.५ अंश, आर्द्रता ६० टक्के, चौदाव्या दिवसापर्यंत फिरवणं, नंतर फिरवणं बंद आणि आर्द्रता ७० च्या आसपास. पिलं कोरडी होऊन फुलल्याशिवाय बाहेर काढू नका. यंत्रापासून ब्रूडरपर्यंतचा रस्ता झाकलेल्या, तापवलेल्या डब्यातून करा, उघड्या ताटातून नाही. दोन खोल्यांमधली ती दोन मिनिटं पुष्कळ पिलांना भोवतात.

नात्यातली जोडी लावू नका. बटेरात सख्ख्या भावंडांची पैदास केली की दोन-तीन पिढ्यांतच अंडी रिकामी निघू लागतात, पिलं अंड्यातच मरतात, निघालेली दुबळी असतात, आणि अशी दुबळी पिलं थंडीत सगळ्यांत आधी जातात. नर बाहेरून आणा. आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी आणि तुमच्या चपलाही वेगळ्या. रानातले लावे पकडून त्यांची जोडी लावायचा विचार कोणी सांगितला तर ऐकू नका.

पशुवैद्यकाकडे कधी धावायचं तेही सांगतो. मरतूक रात्रीपुरती न राहता दिवसाही होते आहे. विष्ठा पाण्यासारखी, पांढरट किंवा रक्ताळलेली आहे. पक्षी पिसं फुगवून, मान आत ओढून बसतात आणि ऊब वाढवूनही उठत नाहीत. एकाच दिवशी मोठे पक्षीही पटापट मेले. अशा वेळी ताजा मेलेला पक्षी उघड्या हाताने न धरता पिशवीत घाला, पिशवी बर्फासोबत डब्यात ठेवून घेऊन जा. सोबत मागच्या तीन रात्रींची तापमानाची नोंद न्या, संध्याकाळी सात, रात्री अकरा आणि पहाटे चारची.

नोंद नसेल तर आज रात्रीपासून लिहायला घ्या.