पोरावर खापर फोडायच्या आधी मॅच कशी बघायची

आधी कबूल करतो, टीम हरली की एका पोरावर खापर फोडणाऱ्यांतलाच मी पण होतो. २०१९ चा मार्च, फिनिक्स सन्सची (अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली टीम) घरची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातच्या आसपास सुरू व्हायची, एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि हरले रे हरले की ग्रुपवर माझा मेसेज ठरलेला: "बुकर स्वतःचे पॉइंट्स बनवतोय, टीम गेली खड्ड्यात." त्याच आठवड्यात या डेव्हिन बुकरने, म्हणजे सन्सच्या मुख्य स्कोअररने, युटाविरुद्ध ५९ आणि लगेच पुढच्या मॅचला वॉशिंग्टनविरुद्ध ५० मारले आणि सन्स दोन्ही हरले, एक तर १२५-९२ असं. मग काय, सगळे तुटून पडले पोरावर. वय वर्षं २२.

तर माझ्यासारखं तोंडावर पडायचं नसेल तर काय करायचं ते सांगतो.

मॅच संपल्यावर अर्धा तास काही टाईप करू नका. खरंच. नंतर बॉक्स स्कोअर (प्रत्येक प्लेअरच्या आकड्यांचा तक्ता) उघडा आणि पॉइंट्सच्या कॉलमवर बोट ठेवून तो झाका, फक्त नावं वाचा. उदाहरण घ्या २४ मार्च २०१७, बॉस्टन. बुकर २० वर्षांचा, ७० पॉइंट्स, ४० पैकी २१ शॉट आत, फ्री थ्रो २६ पैकी २४, आणि सन्स १३०-१२० ने हरले. शेवटी शेवटी सन्सवाले मुद्दाम फाउल करत होते, टाइमआउट घेत होते, का तर बॉल परत बुकरकडे यावा म्हणून, ते दिसायला वाईटच दिसलं आणि लोकांनी धुतलं. पण मुद्दा तो नाही, कोर्टवर कोण होतं ते बघा ना. ब्लेडसो, नाइट, चँडलर हे मुरलेले तिघं मॅनेजमेंटने सीझनच्या शेवटाला बाहेरच बसवून ठेवलेले, कारण जितकं हराल तितका ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांची दरवर्षीची निवड) वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. आदल्या रात्री ब्रुकलिनला जे पाच जण सुरुवातीला उतरले त्यांचं सरासरी वय जेमतेम २१, एनबीएच्या तोवरच्या इतिहासातली सगळ्यात कोवळी फाइव्ह. म्हणजे ज्या टीमला वरूनच जिंकायची घाई नाही, तिथे पोराला विचारायचं "जिंकवलं का नाहीस"?

मग कोचची यादी काढा. यात फार वेळ जात नाही, दोन मिनिटं. बुकरच्या पहिल्या पाच सीझनमध्ये पाच कोच झाले: हॉर्नासेक, वॉटसन, ट्रियानो, कोकोश्कोव्ह, माँटी विल्यम्स. यातल्या वॉटसनला तर २०१७-१८ च्या फक्त तीन मॅच झाल्यावर घरी पाठवला. दरवर्षी मास्तर बदलला तर पोरगं कुठल्या पुस्तकातून शिकणार?

आता खरं काम, आणि हे टीव्हीसमोरच करावं लागतं. चौथ्या क्वार्टरमधली पाच मिनिटं निवडा आणि बॉल बघू नका. जड जातं, डोळे आपोआप बॉलमागे जातात, पण जमवा. कोपऱ्यात उभा असलेला सन्सचा प्लेअर बघा. त्याच्यावरचा डिफेंडर त्याला सोडून सरळ बास्केटखाली येऊन उभा राहिलाय का? तो मागे वळून तरी बघतोय का? बघत नसेल तर याचा अर्थ समोरच्या कोचला माहितीय की या कोपऱ्यातल्या गड्याला बॉल दिला तरी काही बिघडत नाही. मग बुकरवर दोन-दोन जण धावून येतात, तो पास देतो, शॉट रिंगला लागून बाहेर, आणि शॉट आत गेला नाही तर असिस्ट (बास्केट करून देणारा पास) लिहिलाच जात नाही. हे असं एकाच क्वार्टरमध्ये तीन-चारदा दिसलं की मग "पास देत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. त्यात २०१८-१९ ला टीमकडे धड पॉइंट गार्ड (खेळ चालवणारा प्लेअर) नव्हता, बॉल वर आणायचा यानेच, प्ले लावायचा यानेच, शॉटही यानेच मारायचा. तरी सरासरी २६.६ पॉइंट्स आणि ६.८ असिस्ट. टीम १९ जिंकली, ६३ हरली.

एका मॅचचा प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना टीम किती पॉइंट्सनी पुढे-मागे गेली तो आकडा) घेऊन भांडू नका, त्यात बेंचवरच्या लोकांचं पाप-पुण्य मिसळलेलं असतं.

आणि हो, जे त्याचं आहे ते त्याच्याच खात्यात टाका, भक्त बनायला सांगत नाहीये मी. बुकरचा तेव्हाचा डिफेन्स खराब होता, स्क्रीन लागला (समोरच्या टीमचा गडी वाटेत आडवा उभा राहिला) की अडकायचा, रेफरीशी वाद घालत उभा राहायचा आणि तेवढ्यात समोरचे पुढे पळालेले असायचे. हे लिहा, बिनधास्त लिहा. फक्त ६३ पराभवांतले किती या एका गोष्टीमुळे झाले ते स्वतःला विचारून लिहा.

आपल्याकडच्यांना हे समजायला खरं तर अडचण नको. जानेवारी १९९९, चेन्नई, पाकिस्तान, २७१ चं टार्गेट, पाठ धरून सचिन १३६ वर आउट झाला तेव्हा १७ रन हवे होते आणि बाकीचे चार रनमध्ये गुंडाळले गेले. तरी "सचिन शेवटपर्यंत थांबला नाही" म्हणणारे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये होते, आमच्याकडे तर दोन होते.

शेवटची परीक्षा वेळ लावते पण सगळ्यात पक्की. पोरगा तोच ठेवा, आजूबाजूचं बदललं की काय होतं ते बघा. २०१९ ला कोच माँटी विल्यम्स आणि पॉइंट गार्ड रुबिओ आले, २०२० च्या बबलमध्ये (कोविडमुळे एकाच बंद जागी खेळवलेल्या मॅच) सन्स आठपैकी आठ जिंकले. त्या नोव्हेंबरात मुरलेला पॉइंट गार्ड क्रिस पॉल आला, जे क्राउडर आला (हाच क्राउडर ७० पॉइंट्सच्या रात्री बॉस्टनकडे होता आणि इन्स्टाग्रामवर सन्सला टोमणा मारून गेला होता), आणि पुढच्या सीझनला ५१ जिंकून, २१ हरून टीम थेट फायनलला. मिलवॉकीकडून ४-२ ने हरले ते सोडा. बुकरची शॉट मारायची पद्धत तीच, मिडरेंजचं (ना बास्केटखालून, ना तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून) वेडही तेच.

माझे ते २०१९ चे मेसेज ग्रुपवर अजून आहेत. दर प्लेऑफला कुणीतरी शोधून काढतंच आणि खाली नुसता एक चहाचा इमोजी टाकतं.