जुना अडकित्ता ओळखताना या चुका टाळा

जुन्या बाजारात अडकित्ता हाती आला की आपण आधी त्याच्यावरचा मोर बघतो, मग घुंगरं हलवून बघतो. माझं सांगणं एकच, आधी पातं बघा.

इंग्रजी याद्यांत अडकित्त्याला सर्रास 'नटक्रॅकर' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अक्रोड फोडायच्या चिमट्याला धार नसते. कवच तडकलं की त्याचं काम संपलं, म्हणून त्याचे दोन्ही जबडे बोथट, बहुधा खाचा पाडलेले. सुपारी मात्र सोलल्यावरही लाकडासारखी टणक राहते, ती कातरावीच लागते. म्हणून अडकित्त्याला वर धारदार पातं आणि खाली सुपारी टेकवायला बोथट दांडा. नावातही सुपारीच आहे. कन्नडमध्ये तिला 'अडके' म्हणतात.

पितळी मूठ दिसली म्हणून फसू नका. रोजच्या वापरातल्या पितळी अडकित्त्यालाही पातं लोखंडाचं किंवा पोलादाचं असतं, खिळ्यांनी ठोकून बसवलेलं. पात्यासकट सगळं पितळेचं ओतीव असेल तर तो बहुतेक शोभेचाच समजा.

लाकडी पाटावर बसवलेला थोराड अडकित्ता 'राजेशाही पानदानातला' म्हणून कुणी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नका. तो लोणच्याच्या कैऱ्या बाठ्यासकट फोडायचा आहे. त्याचंही मोल आहे, पण वेगळं.

गंजावरून वय ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गंज मिठाच्या पाण्यानेही चढवता येतो, हाताची झीज आणणं अवघड. धार लावून लावून आत गेलेलं पातं, सैलावलेला बिजागरीचा खिळा, जिथे बोटं टेकतात नेमकी तिथेच पुसट झालेली नक्षी, या खुणा शोधा. सगळीकडे सारखा गंज आणि नक्षी मात्र कोरी करकरीत, असं दिसलं तर शंका घ्या. नजर तयार करायची तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते सावकाश बघून या.

बिजागरी जाम असेल तर जोर लावू नका, दांडा मोडतो. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. आणि कृपा करून चिंचेने घासून लखलखीत करू नका. पात्याच्या मुळाशी दिसणारा काळा थर सुपारीतल्या तुरट रसाचा असू शकतो. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे सुपारी कातरली होती, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.