गर्भात प्रजनन अवयव कसे बनतात, हे पाठ न करता कसं लक्षात ठेवायचं

हा चॅप्टर बहुतेक जण अवयवांची यादी घोकून काढतात आणि मग ऐन पेपरात वुल्फियन नळी कुठली न् म्युलेरियन नळी कुठली यात अडकतात. यादी सोडा. एक कोरा कागद घ्या, त्यावर तीन ओळी आखा, वर गोनॅड (ज्याचं पुढे टेस्टिस म्हणजे वृषण किंवा ओव्हरी म्हणजे अंडाशय होतं), मध्ये नळ्या, खाली बाहेरचे अवयव. प्रत्येक ओळीला हुकूम वेगळीकडून येतो, एवढंच धरून चालायचं.

आधी गोनॅड. पाचव्या आठवड्याच्या सुमारास मेसोनेफ्रॉस म्हणजे गर्भाच्या तात्पुरत्या किडनीच्या आतल्या बाजूला एक उंचवटा येतो, तो जेनायटल रिज, त्याचंच गोनॅड होतं. पण बीजपेशी, म्हणजे पुढे शुक्राणू किंवा अंडी होणाऱ्या पेशी, तिथल्या नसतातच, त्या गर्भाला जोडलेल्या योक सॅक नावाच्या पिशवीच्या भिंतीत असतात आणि तिथून हाइंडगटच्या (आतड्याच्या मागच्या भागाच्या) मेसेंटरीतून, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातून, सरकत सरकत सहाव्या आठवड्यापर्यंत रिजवर पोचतात, म्हणून बाहेरून आत येणारा बाण काढाच. (हे आठवडे फलनापासूनचे हं, सोनोग्राफीच्या रिपोर्टातले साधारण दोनने जास्त असतात.) इथपर्यंत मुलगा-मुलगी दोघांचं सगळं सारखंच दिसतं. पुढे वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय जीन, जो १९९० मध्ये सापडला, तो सॉक्स९ या दुसऱ्या जीनला चालू करतो, टेस्टिसमधल्या आधार देणाऱ्या सर्टोली पेशी बनतात आणि टेस्टिस घडायला लागतं. तो नसेल तर ओव्हरी, पण 'काहीच नसलं की आपोआप ओव्हरी' असं नोट्समध्ये असेल तर खोडा, तिथेही डब्ल्यूएनटी४ सारखे जीन काम करत असतात.

आता मधली ओळ, खरी मजा इथे आहे. प्रत्येक गर्भात वुल्फियन आणि म्युलेरियन या दोन्ही नळ्यांच्या जोड्या असतात. सर्टोली पेशी एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) सोडतात, त्याने म्युलेरियन विरते. आठव्या आठवड्यापासून टेस्टिसमधल्याच लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन देतात, त्याने वुल्फियन टिकते आणि तिचं एपिडिडिमिस, वास डिफरन्स, सेमिनल व्हेसिकल (शुक्राणू साठवणारे, नेणारे आणि वीर्यातला द्रव बनवणारे भाग) होतं. मुलीत ही दोन्ही हार्मोन्स नसतात, मग वुल्फियन जाते आणि म्युलेरियनपासून फॅलोपियन ट्यूब, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग बनतो. हुकूम एक नाही, दोन आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जॉस्टने १९४० च्या दशकात सशांवर दाखवलं. गोनॅड काढलेल्या गर्भाला टेस्टोस्टेरॉन दिलं तर वुल्फियन टिकली पण म्युलेरियन काही गेली नाही, म्हणजे तिला घालवणारं दुसरंच काहीतरी असणार. दोन बाण दोन रंगांनी काढा. आणि प्रोस्टेट ग्रंथी वुल्फियनखाली लिहू नका, ती युरोजेनायटल सायनसपासून येते, म्हणजे ज्या पोकळीतून मूत्रमार्ग बनतो तिच्यापासून.

खालची ओळ सोपी आहे. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) हे हार्मोन होतं आणि त्याच्या हुकमाने जेनायटल ट्युबरकलचं शिश्न आणि लेबिओस्क्रोटल सूज जुळून स्क्रोटम (वृषणाची पिशवी) बनतं, डीएचटी नसेल तर त्याच भागांचं क्लायटोरिस आणि लेबिया मेजोरा (योनीच्या बाहेरचे मोठे ओठ). बाराव्या आठवड्यापर्यंत फरक बऱ्यापैकी दिसतो. टेस्टिस मात्र स्क्रोटममध्ये उतरायला शेवटचे महिने घेतं.

कागद बरोबर झाला का ते तपासायला एकेक बाण खोडून बघा. एएमएचचा खोडला तर बाहेरून पूर्ण मुलगा पण आत गर्भाशय. अँड्रोजेन रिसेप्टरच (पेशीत टेस्टोस्टेरॉन-डीएचटीचा हुकूम ऐकणारं प्रथिन) चालत नसेल तर टेस्टिस आहे, एएमएचही आहे, म्हणून गर्भाशय नाही, टेस्टोस्टेरॉन असून ऐकणारं कोणी नाही म्हणून वुल्फियनही गेली, आणि बाहेरून मुलगी. हे दोन तुम्हाला न बघता लिहिता आले की पुढची केस कुठलीही येऊ दे.

अजून एक बाण वुल्फियनपासून किडनीकडे काढून ठेवा, कारण युरेटरिक बड, म्हणजे किडनी घडवायला लागणारा कोंब, तिच्यातूनच फुटतो आणि म्युलेरियनही वाढताना तिचाच आधार घेत खाली येते. म्हणूनच गर्भाशय जन्मतः वेगळ्या आकाराचं निघालं की डॉक्टर किडनीची सोनोग्राफीही करायला सांगतात.